देवदाराचं अर्धं दार

इनबाशी गावात सुताराचं घर कुठलं असं कुणी विचारलं, तर लोक सांगत, ज्याच्या पडवीत पत्र्याची पिंपं आहेत ते. त्यात थोडी चेष्टा होती. कसलेल्या कारागिराला तुर्कीत उस्ता म्हणतात. दुराली उस्तानं आयुष्यात आसपासच्या गावांत मिळून अकरा कोठारं उभी केली. लोखंडाचा एक खिळा न वापरता, देवदाराच्या फळ्या एकमेकींत अडकवून, चार दगडी पायांवर. त्यातल्या गव्हाला कीड लागत नाही, उंदराला वर चढता येत नाही. आणि उस्ताच्या स्वतःच्या घरचा गहू मात्र पत्र्याच्या पिंपात. उन्हाळ्यात पिंपं तापत, हिवाळी पावसात त्यांना आतून घाम सुटे, आणि दरवर्षी टोपलीभर बुरसटलेला गहू कोंबड्यांपुढे टाकावा लागे. उम्मुहान, त्याची बायको, तो टाकताना कोंबड्यांशी बोले.

"खा बायांनो. सुताराच्या घरचा आहे, नाव ठेवू नका."

उस्ता ऐके आणि रंधा चालवत राही. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, ताडपत्रीखाली, एक अर्धं कोठार रचून ठेवलेलं होतं. तेवीस फळ्या, दोन खांब, छपराचे निम्मे वासे आणि अर्धं दार. उरलेलं अर्धं वर कातळात होतं.

गावाच्या मागे तो कातळ भिंतीसारखा उभा आहे, आणि त्यात जुन्या लोकांनी आपल्या मेलेल्यांसाठी घरं कोरलेली आहेत. ते लोक कोण, कधी गेले, याची गावानं कधी फारशी चौकशी केली नाही. खालच्या रांगेत शिडी लावून चढता येतं. तिथे कुणी कडबा ठेवी, कुणी मधमाश्यांच्या पेट्या, थंडीत कुणी नुकती व्यालेली शेळी. दरवाज्यांची दगडी झाकणं कधीच कुणी फोडून नेलेली. मेलेल्यांबरोबर पुरलेलं सोनंनाणं नेणारे इनबाशी वसण्याच्या आधीच येऊन गेले होते. आत तिन्ही बाजूंना ओटे, आणि बारा महिने कोरडी, गार हवा. मरणाचं भय म्हणून तिथे कुणाला वाटत नसे. कुणी आत शिरताना 'बिस्मिल्ला' म्हणे, कुणी तेही विसरे.

दुरालीचे वडील इद्रिस उस्ता मात्र कधी विसरले नाहीत. त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना सुतारकी शिकवली ती अर्धी अंगणात आणि अर्धी त्या कातळापुढे उभं करून. दगडात कोरलेलं ते घर मुळात लाकडी घराची नक्कल होतं. तुळयांची गोल टोकं बाहेर आलेली, आडव्या तुळईत उभा खांब बसवलेला, दाराच्या चौकटीत चौकट, आणि सांध्यासांध्यात पाचर. सगळं दगडात.

"दगडाला कशाला पाचर लागते?" धाकट्या नेजिपनं एकदा विचारलं होतं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि दुराली चौदाचा.

इद्रिस उस्ता म्हणाले, "लागत नाही. पण कोरणाऱ्याला त्याचं लाकडाचं घर आठवत असणार. माणूस आठवणीतलं काही वगळत नाही."

हात दुरालीचा आणि कान नेजिपचा, असं ते म्हणत. दोन फळ्या एकजीव करायच्या तर त्यांच्यात एक लाकडी पट्टी ठोकावी लागते, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक, पाकोळीच्या शेपटीसारखी. तिला पाकोळीच म्हणत. ती खाचेत पुरती बसली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मोगरीचा आवाज बदलतो. आधी तो बसक्या गळ्याचा असतो, मग एका ठोक्याला अचानक चढतो. तिथे थांबायचं. आणखी एक ठोका मारला तर फळी चिरते. दुराली मारी, आणि नेजिप पाठ करून उभा राही. "अजून नाही, आबी. अजून नाही. हां, बसली." थोरल्या भावाला तिकडे आबी म्हणतात. नेजिपनं त्याला दुसऱ्या कुठल्या नावानं कधी हाकच मारली नाही.

इद्रिस उस्ता गेले तेव्हा नेजिप पंचवीसचा होता. जर्मनीला कामाला जाणाऱ्यांच्या यादीत त्यानं नाव घातलं होतं. वडिलांनी बांधलेलं घरचं कोठार विकावं आणि निम्मं आपल्याला द्यावं, म्हणजे प्रवासाची सोय होईल, असं त्याचं म्हणणं. वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले नाहीत आणि त्यांच्या हातचं कोठार विकायला काढायचं, हे दुरालीला रुचलं नाही. तो ताडकन म्हणाला, "विकायचं नाही. तुला निम्मं हवं ना, निम्मंच घे."

घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे वासे एकेक करून मोजले गेले. खिळा नसलेलं कोठार उकलायला दुपारही लागत नाही. दोघांनी मिळून उकललं, तेही वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, एकाही फळीचा कोपरा न दुखवता. ही तुझी, ही माझी, असं करत दोन ढीग झाले. गावातली माणसं कुंपणाशी उभी राहून बघत होती. शेवटी मध्ये दार उरलं. दार एकच. देवदाराच्या एका अखंड फळीचं, जुन्या माणसानं जुन्या झाडातून काढलेलं.

लोक पुढे सांगत की भाऊ दारावरून भांडले. खरं तसं नव्हतं. दोघंही दार नको म्हणत होते.

"दार तू घे," दुराली म्हणाला.

"मला कुणाचे उपकार नकोत. तू घे."

"मी थोरला आहे, देतोय तर घे."

"थोरला आहेस म्हणूनच नको."

तिथे म्हातारे इमाम उभे होते. ते म्हणाले, बाळांनो, दार मशिदीत आणून ठेवा, राग उतरला की बघू. दोघांनी ऐकलं नाही. दुरालीनं करवत उचलली. पुरं झालेल्या लाकडाला करवत लावायची नाही, हा वडिलांचा पहिला धडा. त्यानं दार सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत सरळ चिरलं. हात त्याचा चांगलाच होता. रेघ कुठे हलली नाही. ज्या बाजूला दार फिरायचे खुंट होते तो भाग त्याच्याकडे राहिला, किल्लीचं भोक होतं तो नेजिपकडे गेला. लाकडाचा लाल भुसा जमिनीवर पडला आणि सगळ्या अंगणात देवदाराचा वास सुटला.

अर्धं कोठार विकत कोण घेणार? इद्रिस उस्ताच्या आत्म्याला काय वाटेल म्हणून कुणी हातही लावला नाही. नेजिपनं आपल्या फळ्या खांद्यावरून कातळापाशी नेल्या, शिडीनं वर चढवल्या, आणि वडील जिथे धडा देत त्याच थडग्यात ओट्यांवर रचून ठेवल्या. जाताना इमामांना सांगून गेला की ही माझी अमानत आहे, येईन तेव्हा नेईन. भावाला त्यानं काहीच सांगितलं नाही.

तो गेला. तिकडे कारखान्यात लागला, काळ्या समुद्राकडची बायको केली, सुट्टीत तिच्याच गावी जाऊ लागला. बातम्या कुणाकुणाच्या तोंडून येत. मुलगी झाली. कंबर धरली. घर घेतलं. पत्र आलं नाही, आणि इकडूनही गेलं नाही. पहिली चार-पाच वर्षं रागानं, मग लाजेनं, आणि पुढे सुरुवात कुणी आणि कुठून करायची तेच कळेना म्हणून.

जुलै महिन्यात जर्मनीच्या नंबरपट्ट्यांच्या गाड्या किनाऱ्याच्या रस्त्यानं येऊ लागत, तेव्हा दुराली उस्ता चहाच्या दुकानात रस्त्याकडे तोंड करून बसे. इतर दिवसांत तो तिथे क्वचितच दिसे. दुकानदार न सांगता त्याची खुर्ची तशी फिरवून ठेवी. गाडी गावाच्या फाट्याशी जरा हळू झाली की त्याच्या हातातला चहाचा पेला थांबे. गाडी पुढे गेली की तो उरलेला चहा पिऊन उठे.

ईदच्या आदल्या दिवशी गावातली सगळी माणसं मुर्ताच्या झुडपाच्या सुवासिक डहाळ्या घेऊन कबरस्तानात जातात. उस्ता वडिलांच्या कबरीवर दोन डहाळ्या ठेवी. दुसरी कुणाची, हे त्याला कधी कुणी विचारलं नाही.

आणि दरवर्षी ऑक्टोबरात, डाळिंबं उतरली की, एका सकाळी तो शिडी आणि तेलाचा डबा घेऊन कातळाकडे जाई. तेल म्हणजे देवदाराच्या मुळांतून निघतं ते, काळं, उग्र वासाचं. ते लावलं की लाकडाला कीड धरत नाही. थडग्यात वाकून शिरून तो एकेक फळी उचले, पुसे, दोन्ही अंगांनी तेल लावी आणि होती तशी परत ठेवी. सगळ्यांत शेवटी दाराचा अर्धा भाग. तो मात्र मांडीवर घेऊन. हे आपण गुपचूप करतो अशी त्याची समजूत होती. पण त्या तेलाचा वास आठवडाभर अंगाला राहतो, आणि उम्मुहान दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी बंब पेटवून ठेवी. एक शब्द बोलत नसे. तिच्या टोमण्यांना सीमा होती, ती अशी.

अशी चाळीस वर्षं गेली.

मग कातळाच्या पायथ्याशी उत्खननवाल्यांनी तंबू ठोकले. त्यांच्या प्रमुख नेरिमान बाई, डोक्याला रुमाल बांधून दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या, स्वभावानं मोकळ्या. मार्चमध्ये त्यांनी मुखियाला, बेकीरला, सांगितलं की खालच्या रांगेतली सगळी थडगी मे महिन्याच्या आत रिकामी हवीत. मोजमाप व्हायचं, मग लोखंडी जाळी बसायची. बेकीरनं घरोघरी निरोप दिला. कडबा उतरला, मधाच्या पेट्या हलल्या. उस्ता जागचा हलला नाही.

बेकीर समजावायला आला. अंगणात बसून त्यानं दोन पेले चहा घेतला आणि विषय काढला. उस्ता, फळ्या खाली आणू, तुमच्याच पडवीत ठेवू, भाऊ आला की त्याला देऊ.

"माझ्या पडवीत माझा अर्धा आहे," उस्ता म्हणाला. "त्याचा अर्धा मी उचलून त्याच्याशेजारी ठेवला, तर त्याला काय म्हणतात? मी सांगत नाही, तूच सांग."

"उस्ता, तुम्ही वर्षाला तेल लावता की."

"लावतो. हलवत नाही. मालक ठेवून गेला तिथे राखायची, ती अमानत. मालकाला न विचारता घरी आणली, की ती चोरी."

बेकीरनं उम्मुहानकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी पिंपवाली."

मग एके दिवशी नेरिमान बाई स्वतः त्याला बरोबर घेऊन वर चढल्या. वयानं तो सत्तरचा, पण शिडीवर त्यांच्या पुढे. थडग्याच्या चौकटीवर जी अक्षरं आहेत, ज्यांवर त्यानं लहानपणी बोटं फिरवली होती, ती बाईंनी त्याला वाचून दाखवली. सगळी लागत नाहीत, म्हणाल्या, पण अर्थ असा : अमक्या माणसानं हे घर आपल्यासाठी, बायकोसाठी आणि मुलांसाठी केलं आहे. दुसऱ्या कुणी इथे काही ठेवू नये. ठेवेल त्याला दंड.

बाईंना वाटलं होतं म्हाताऱ्याला गंमत वाटेल. पण तो खाली उतरल्यावर घरी न जाता विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. संध्याकाळी उम्मुहानला म्हणाला, चाळीस वर्षं मी एकाची वस्तू राखली आणि त्यापायी दुसऱ्याच्या घरात घुसून बसलो. त्यानं लिहून ठेवलं होतं, मला वाचता आलं नाही.

"दंड मागायला कुणी आलं, तर माझ्याकडे पाठवा," उम्मुहान म्हणाली. मग तिनं हातातलं पीठ झटकलं, त्याच्यासमोर येऊन बसली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती सीमा ओलांडली. "उस्ता, तुमचा भाऊ मेलेला नाही. त्याच्याकडे फोन आहे."

त्याला ते जमायचं नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलंही नाही. बेकीरच्या मुलीनं नेजिपच्या लेकीला, दिलेकला, मोबाईलवर शोधून काढलं. दोघी आधी बोलल्या, मग उम्मुहान बोलली. आणि एका शुक्रवारी, दुपारची नमाज होऊन उस्ता घरी आला, तेव्हा बायकोनं त्याच्या हातात फोन दिला. आवाज मोठा करून ठेवला होता.

पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. इकडे उस्ता उभाच.

"आबी," पलीकडून आवाज आला.

उस्तानं खाली बसण्यासाठी हातानं ओटा चाचपला.

"नेजिप. तुझ्या फळ्या कातळातून काढायला सांगतायत. मे महिन्यापर्यंत. तुला विचारल्याशिवाय कशा काढू?"

"कुठल्या फळ्या?"

"तुझ्या. तेवीस. दोन खांब, वासे, आणि दार."

"त्या अजून आहेत?"

"जातील कुठे?"

"मला वाटलं, त्याच हिवाळ्यात तू जाळल्यास." नेजिपचा आवाज जाड झाला होता, पण बोलताना शेवटचा शब्द ओढायची सवय तीच होती. "कीड लागली असेल."

"नाही लागली. तेल लावतो."

"कधी लावलंस?"

"दरवर्षी."

"दरवर्षी?"

"दरवर्षी लावतो, नेजिप."

पलीकडे फोन कुणाच्या तरी हातात गेला. दिलेक मोडक्या तुर्कीत म्हणाली की बाबा आता बोलू शकत नाहीत, थोड्या वेळानं करतात. फोन परत आला तो तासाभरानं. तेव्हा नेजिप सरळ बोलला. फळ्या उतरव, म्हणाला, आणि उभं कर. माझं जे काही तुझ्यावर असेल ते मी सोडलं, तूही सोड. उस्ता म्हणाला, सोडलं. दोघांनी ते तीन-तीनदा म्हटलं, जसं म्हणायची रीत आहे. मग नेजिप म्हणाला, "दार तेवढं ठेव. ऑगस्टमध्ये येतो. दार दोघांनी करू."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निम्मं गाव कातळाखाली रांग लावून उभं राहिलं आणि फळ्या हातोहात खाली आल्या. नेरिमान बाईही रांगेत होत्या. थडगं रिकामं झाल्यावर उस्ता पुन्हा एकटा वर गेला. त्यानं ओटे झाडले, चौकटीच्या आत उभं राहून त्या घरमालकासाठी दुवा मागितली आणि उशीर झाल्याबद्दल माफी. ज्याची भाषा येत नाही त्याला आपलं बोलणं पोहोचेल का, अशी शंका त्याच्या मनात आली नाही. पोहोचवणारा दुसरा आहे, एवढं त्याला माहीत होतं.

कोठार नऊ दिवसांत उभं राहिलं. चाळीस वर्षं दोन ठिकाणी पडलेल्या फळ्या एकमेकींच्या खाचांत अशा बसल्या की उम्मुहान बघतच राहिली. एकीकडच्या फळ्या पडवीच्या धुरानं करड्या झालेल्या, दुसरीकडच्या तेलानं काळपट लाल. एक आड एक. गावातली माणसं बघायला येत आणि कोठाराला पट्टे आहेत म्हणत. उस्तानं आपला दाराचा अर्धा खुंटावर चढवला. दुसरा अर्धा आत भिंतीला टेकवून ठेवला. मध्ये रिकामी जागा. त्यातून कोंबड्या आत जात आणि अंडी घालून येत.

"चला," उम्मुहान म्हणाली. "गव्हाचं नाही तर नाही, अंड्यांचं कोठार तरी झालं."

जुलैत उस्ता चहाच्या दुकानात गेला नाही. आता गाडी येणार होती ती थेट दारात. त्यानं देवदाराच्या चार पाकोळ्या घडवल्या आणि दोन्ही अर्ध्यांत खाचा काढल्या. काम करता करता त्याला दिसलं, करवतीनं तेव्हा खाल्लेलं लाकूड काही परत येणार नव्हतं. दार जोडलं तरी चौकटीला एक बोटाच्या नखाएवढी फट राहणार.

ऑगस्ट आला. दुसऱ्या आठवड्यात दिलेकचा फोन आला. बाबांची मूत्रपिंडं गेली आहेत, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करावं लागतं. हे दोन वर्षं चाललंय. एप्रिलमध्ये त्यांनी सांगू दिलं नाही. डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात. पुढच्या वर्षी बघू, म्हणतात.

उस्तानं फक्त हं म्हटलं. पाकोळ्या खिशात होत्या. त्या त्यानं काढल्या नाहीत. सप्टेंबरभर त्या खिशातच राहिल्या, आणि उम्मुहान कपडे धुताना त्या बाहेर काढून ठेवी आणि वाळल्यावर पुन्हा त्याच खिशात घाली. गहू पिंपातच राहिला. पडवीत आता दुसऱ्या टोकाला काही नव्हतं, तरी उस्ता त्या बाजूला गेला की पाऊल जरा वळवून टाकी, जणू ढीग तिथेच आहे.

डाळिंबं उतरली. कातळाला जाळी लागली होती. ज्या सकाळी तो दरवर्षी शिडी घेऊन निघे, त्या सकाळी तो तेलाचा डबा घेऊन अंगणात आला आणि कुठे जावं हे न कळून उभा राहिला. तेवढ्यात फोन वाजला. उम्मुहाननं उचलला, ऐकलं, आणि आवाज मोठा केला.

"आबी, आज तेलाचा दिवस ना?" नेजिपनं विचारलं. मधल्या महिन्यांत वहिनीशी त्याचं बोलणं होत असे, हे उस्ताला आत्ता कळलं. "मी मशीनवर आहे. चार तास. मला कुठे जायचं नाही. दार घे."

"तू आल्यावर करू."

"मी येत नाही, आबी." हे त्यानं अगदी साधेपणानं म्हटलं, पाऊस येत नाही म्हणावं तसं. "हात माझा कधीच चांगला नव्हता. येऊन मी काय करणार होतो? पाठ करून उभाच राहणार होतो. वहिनी दाबून धरेल. तू मार. मी ऐकतो."

उस्तानं बायकोकडे पाहिलं. तिनं बाह्या आधीच वर केल्या होत्या.

दाराचे दोन भाग घोड्यांवर आले. ज्या घोड्यांवर ते चिरलं होतं, तेच घोडे. उम्मुहाननं कडेला पोट टेकून, दोन्ही हातांनी एक भाग दुसऱ्याला भिडवून दाबला. फोन दारावरच, मधोमध ठेवला. उस्तानं बिस्मिल्ला म्हणून पहिली पाकोळी खाचेत लावली आणि मोगरी उचलली. पहिला ठोका त्याला स्वतःलाच जोरात वाटला.

"अजून नाही," फोनमधून आवाज आला.

दुसरा. तिसरा.

"अजून नाही, आबी. हळू. अजून नाही."

चौथा ठोका उस्तानं जवळजवळ कुरवाळल्यासारखा मारला. लाकडाचा गळा चढला. इकडच्या दोघांना तो फरक नीटसा कळला नाही. अंगणात वारा होता आणि कोंबड्या ओरडत होत्या.

"बसली," नेजिप म्हणाला.

तीन पाकोळ्या राहिल्या होत्या. त्याही बसल्या. चौथ्या पाकोळीला तो जरा उशिरानं बोलला, आणि त्या क्षणभरात उस्तानं मोगरी हवेत धरून ठेवली होती. मग दोघा नवराबायकोंनी दार उचललं आणि खुंटांवर चढवलं. फट राहिली, नखाएवढी. उस्तानं फोनवर तेही सांगितलं. करवत माझी होती, म्हणाला.

"राहू दे," नेजिप म्हणाला. "गव्हाला हवा लागेल. आता एकदा उघड आणि लाव. बाबा असताना जसं वाजायचं तसं वाजतं का बघू."

उस्तानं फोन चौकटीजवळ धरला आणि दार उघडलं. लाकडावर लाकूड फिरून खालच्या खुंटानं एक लांब, खर्जातला सूर काढला. त्यानं दार लावलं. पलीकडे मशीनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"पुन्हा," नेजिप म्हणाला.

त्यानं पुन्हा उघडलं. उम्मुहान पडवीत गेली, आणि पिंपाचं झाकण काढून पहिली टोपली गव्हानं भरू लागली.